माझ्या अंगातला पासंग

मित्रांनो, स्वतःबद्दल वाईट ते आधीच सांगून टाकतो. मी हेवेखोर आहे. मी एका निळ्या गाडीचं जुनं फ्लायव्हील आहे, बिडाच्या ओतीव लोखंडाचं, भाकरीच्या परातीएवढं गोल आणि दहा किलो वजनाचं. चौसाळ्याला महामार्गाच्या कडेला विरुपाक्षआप्पांचं गॅरेज आहे. तिथं खिडकीखालच्या फळीवर मी बसून असतो, आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकत असतो.

गाडीत माझी जागा इंजिनाच्या पाठीशी. इंजिन फिरलं की मी फिरतो. माझ्या सपाट तोंडाला क्लचप्लेट घट्ट चिकटते आणि इंजिनाची ताकद तिच्यातून पुढं चाकांपर्यंत जाते. चालकानं क्लच दाबला की ती माझ्यापासून सुटते, पाय काढला की पुन्हा चिकटते. मी जड आहे म्हणून एकदा फिरू लागलो की सहजासहजी थांबत नाही. चढावर गाडी उभी करून पुन्हा काढायची असेल तेव्हा हाच जडपणा कामाला येतो.

तुमच्या ओळखीच्या गाड्यांत दट्टे, म्हणजे पिस्टन, वर-खाली होतात. आमच्या गाडीचं इंजिन वेगळं. त्याला रोटरी म्हणतात. त्याच्या पोटात दोन त्रिकोणी चाकं गरगर फिरतात. त्यांचा झोक एका बाजूला जातो, म्हणून तो सावरायला माझ्या अंगात एका कडेला लोखंडाचा जाड फुगवटा ओतलेला आहे. तराजूचं एक पारडं झुकत असेल तर वाणी दुसऱ्याला पासंग बांधतो ना, तसाच. गॅरेजात त्याला पासंगच म्हणतात. तो त्या त्रिकोणी चाकांच्या वजनाला मापून केलेला असतो. इंजिन बदललं की पासंगही बदलावा लागतो.

माझा जन्म जपानातल्या एका ओतशाळेत झाला. तापलेलं लोखंड साच्यात पडलं, निवलं, मग लेथवर माझं तोंड आरशासारखं केलं. तिथून एका इंजिनाच्या पाठीला बसून मी समुद्र ओलांडून पुण्याला आलो. पुण्यात शिवशंकरराव नावाचे एक बागायतदार आपली निळी गाडी घेऊन आले होते. तिचं मूळ इंजिन निकामी झालं होतं. त्यांनी आमचं इंजिन घेतलं आणि आम्हाला त्या गाडीत बसवून चौसाळ्याकडं आणलं. गावात त्यांनी याचा गाजावाजा केला नाही. गाडी मूळचीच आहे असं लोकांना वाटावं, ही त्यांची हौस. कागदावर जुनंच इंजिन राहिलं. खरी गोष्ट त्यांना ठाऊक होती, आणि त्यांच्याबरोबर पुण्याला गेलेल्या सटवाला.

सटवा हा आप्पांच्या गॅरेजातला मिस्त्री. त्यानं पुण्यात आठ दिवस उभं राहून सगळं पाहून घेतलं होतं. इंजिनाच्या दांड्यावर मला धरून ठेवणारा एकच मोठा नट असतो. तो उघडायला लागतो तेवढा पाना चौसाळ्यातच काय, बीडमध्येही मिळेना. सटवानं ट्रकचा एक जुना पाना कापून, वेल्डिंग करून स्वतःच तयार केला. पुढच्या वीस वर्षांत चार क्लचप्लेटी माझ्या तोंडावर झिजल्या. चारही वेळा सटवानंच मला उतरवलं, फडक्यानं पुसलं, बोटाच्या पेरानं टिचकी मारून नाद ऐकला. तडा गेलेलं लोखंड बद्द वाजतं. मी दर वेळी खणखणीत वाजलो.

त्या वर्षांत माझं कौतुक झालं. मांजरसुंब्याच्या घाटात उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी अडकायची, थांबायची, पुन्हा निघायची. शिवशंकरराव हलक्या पायानं क्लच सोडायचे आणि गाडी न बुजता सुटायची. ते म्हणायचे, हिचं चाक लई दमाचं हाय. मला वाटायचं, माझ्यासारखं दुसरं कुणी नाहीच.

शिवशंकरराव वारले आणि गाडी त्यांच्या पुतण्याकडं, अंगदरावांकडं आली. अंगदरावांचा एक मावसभाऊ आहे, रविराज. त्यानं गेल्या दिवाळीत नवी गाडी घेतली आणि बीडच्या रस्त्यावर अंगदरावांना मागं टाकलं. नुसतं टाकलं नाही, पुढं जाऊन चहाच्या टपरीवर थांबला आणि यांची वाट बघत बसला. ते अंगदरावांच्या जिव्हारी लागलं. थोड्याच दिवसांनी नगरजवळच्या एका मैदानावर मोटारींच्या शर्यती होत्या. तिथं रविराज उतरणार होता. अंगदरावांनी परदेशातून एक खोकं मागवलं आणि शर्यतीला दहा दिवस उरले असताना ते गॅरेजात आणून ठेवलं.

तोवर गॅरेजात एक बदल झाला होता. आप्पांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. त्यांची मुलगी कावेरी बीडला डिप्लोमा करून पुण्यात एका कारखान्यात दोन वर्षं काम करत होती. ती परत आली आणि तिनं गॅरेज हाती घेतलं. कामाला चोख, बोलायला गोड. पूर्वी कुठलीही गाडी आली की आप्पा हाक मारायचे, सटवा, काय करायचं रं हिचं? आता ते म्हणायचे, कावेरीला इचारा. सटवा खाली मान घालून पाने पुसत राहायचा. त्याच्या मनातलं मला समजायचं, पण खरं सांगतो, त्याची दया यावी एवढा मोठा मी नव्हतो.

मग ते खोकं उघडलं. आत कागदात गुंडाळलेलं नवं फ्लायव्हील होतं. ॲल्युमिनियमचं, नव्या ताटासारखं लख्ख. वजन माझ्या निम्म्याहून कमी. कावेरीनं ते एका हातानं उचललं, उजेडात फिरवलं आणि हसली. माझ्याकडं पाहून ती अशी कधी हसली नव्हती. त्याच्याबरोबर पासंग वेगळा होता, त्याच्या अंगात ओतलेला नव्हता. ज्याला स्वतःचा पासंगही नाही ते माझ्या पासंगाला तरी पुरेल का, असं मी मनात म्हटलं. मी गाडीच्या पोटात होतो, अंगाला जुन्या क्लचची काळी भुकटी लागलेली, आणि माझा नुसता जळफळाट चालला होता.

कावेरीनं अंगदरावांना आधी एकच गोष्ट विचारली. गाडी वापरायची कुठं? हलकं फ्लायव्हील लावलं की इंजिन झटकन वेग घेतं, तसाच झटकन सोडतंही. शर्यतीला चांगलं. पण गर्दीत आणि चढावर उभी गाडी काढताना जरा चुकलं की बंद पडेल, तिनं समजावलं. खोक्यात क्लचप्लेटही होती, गोल अस्तराऐवजी कडेनं सहा बटणं बसवलेली. ती पकडते तेव्हा हिसका देऊनच पकडते. रस्त्यावर चालवायच्या गाडीला ती नको, पूर्ण अस्तराची प्लेट आणि तिला दाबून धरणारी थोडी कडक प्रेशर प्लेट लावू, असं तिचं म्हणणं पडलं. अंगदरावांनी प्लेटचं ऐकलं. फ्लायव्हीलचं ऐकायला ते तयार झाले नाहीत. रविराजच्या गाडीत काय आहे तेवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

सटवानं गिअरबॉक्स उतरवला, आपला पाना काढला आणि मला मोकळं केलं. त्यानं मला फळीवर ठेवलं, पण टिचकी मारली नाही. कावेरी गाडीचे कागद घेऊन आली. नव्या फ्लायव्हीलबरोबरचा पासंग कागदावरच्या सालाप्रमाणे मागवलेला होता. तिनं कागद वाचले, पासंग हातात घेतला आणि सटवाकडं वळली.

"सटवाकाका, इंजिन मूळचंच हाय ना?"

आप्पा बाहेर खुर्चीवर पेपर वाचत होते. सटवाचे हात थांबले. मी त्याच्या तोंडाकडं पाहत होतो. खरं काय ते आम्हा दोघांनाच माहीत होतं.

"मला कावून इचारतीस? कागद हायेत की तुज्याकडं," तो म्हणाला, आणि पाना पुसायला लागला.

कावेरीनं मान हलवली. ती कामाला लागली. सटवानं एक पोतं उचललं आणि माझ्यावर टाकलं. माझ्या अंगातला फुगवटा आणि नवा पासंग शेजारी शेजारी ठेवले असते तर फरक कुणालाही दिसला असता. म्हणूनच त्यानं पोतं टाकलं.

मित्रांनो, इथं मी तुमच्यापासून काही लपवणार नाही. पोत्याखाली मला आनंद झाला. चुकीचा पासंग बसला तर काय होतं ते मला ठाऊक होतं. गाडी सावकाश चालेल तोवर काही समजणार नाही. वेग वाढला की दांडा थरथरू लागेल, बेअरिंग खाईल, आणि फारच ताणलं तर धातू फुटून चालकाच्या पायाशी येईल. पण मी तेवढा विचार केला नाही. ते लख्ख ताट फुटेल आणि सगळे मला शोधत येतील, एवढंच मी पाहत होतो.

दोन दिवसांत काम झालं. कावेरीनं किल्ली फिरवली आणि इंजिन सुरू झालं. त्याचा आवाज मी पोत्याखालून ऐकला. ॲक्सिलरेटर दाबला की सूर झर्रकन चढायचा, सोडला की तसाच उतरायचा. माझ्या काळात असा सूर कधी निघाला नव्हता. अंगदराव खुशीत होते, त्यांनी सगळ्यांसाठी चहा मागवला. जागेवर उभ्या गाडीत थरथर जाणवत नव्हती.

मग कावेरी म्हणाली की घाटाकडं एक चक्कर मारून येते, वेगात कशी चालते ते बघायला पाहिजे. अंगदराव बसायला निघाले तर आप्पांनी त्यांना थांबवलं. पोरीनं केलेलं पहिलं मोठं काम, मी बसतो तिच्याशेजारी, असं म्हणून ते कंप सुटलेल्या हातानं दाराला धरत गाडीत बसले. कावेरीनं त्यांचा पट्टा लावून दिला.

सटवा नळावर हात धूत होता. साबण लावलेला, पाणी वाहतंय, आणि तो गाडीकडं बघतोय. ज्या माणसानं त्याच्या हातात पहिला पाना दिला तो त्या गाडीत बसला होता. मी पोत्याखाली मनात म्हणत होतो, जाऊ दे, जाऊ दे.

सटवानं नळ तसाच सोडला. तो आत आला, पोतं ओढून काढलं, मला दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि बाहेर पळाला. गाडी रस्त्याला लागत होती. तो मला घेऊन तिच्यापुढं उभा राहिला. साबणाचे हात, त्यामुळं मी निसटत होतो. त्यानं मला गुडघ्यावर पेललं.

कावेरीनं ब्रेक दाबला.

"उतर पोरी," सटवा म्हणाला. "ह्या गाडीचं इंजिन कागदावरलं न्हाई. मी पुण्याला गेलतो बसवायला. पासंग चुकीचा हाय."

कावेरीनं इंजिन बंद केलं. ती उतरली, त्याच्याजवळ आली आणि हळू आवाजात विचारलं, "मंग परवा कावून न्हाई सांगितलं, काका?"

"जळलो तुज्यावर." त्यानं मान वर केली नाही. "आप्पा मला इचारायचे. आता तुला इचारतेत. वाटलं, एकदा चुकू दे हिला."

अंगदरावांचा पारा चढला. असल्या माणसाला दारात उभं करू नका, असं ते आप्पांना म्हणाले. आप्पांना गाडीतून उतरायला बराच वेळ लागला. उतरल्यावर त्यांनी आधी सटवाच्या हातातून मला घ्यायचा प्रयत्न केला, जमेना, म्हणून दोघांनी मिळून मला बाकावर ठेवलं. मग ते अंगदरावांना म्हणाले की याला काढायचं तर आधी मला काढावं लागेल, कारण याला विचारायचं मीच सोडलं. कावेरी म्हणाली, चूक माझी. इंजिनावरचा नंबर डोळ्यांनी बघायला हवा होता, मी कागदावर विसंबले. नळ अजून वाहत होता, सटवा तो बंद करायला गेला आणि तिथंच पाठमोरा उभा राहिला.

मी बाकावर पडून विचार करत होतो. सटवाला हेवा वाटला, आणि त्याची त्याला लाज वाटली. मला फक्त हेवाच वाटला होता. ज्यांच्या गॅरेजानं मला वीस वर्षं सांभाळलं, त्या माणसांचं काय होईल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. आणखी एक गोष्ट आठवली. पुण्यात मी या गाडीत आलो त्या दिवशी, गाडीच्या मूळ इंजिनाबरोबर कुणीतरी माझ्याआधीचंही उतरलं असेल. त्याचं काय झालं, मी एकदाही विचारलं नव्हतं.

संध्याकाळच्या आत सगळं उलगडून पाहिलं. नवा पासंग आणि माझा फुगवटा शेजारी ठेवले, फरक बोटभर जाडीचा होता. बरोबर पासंग मागवायचा तर सहा आठवडे लागणार होते. शर्यत आठवड्यावर. अंगदराव येरझाऱ्या घालू लागले. शेवटी त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं आणि म्हणाले की याच्या अंगातला पासंग कापून काढा आणि नव्याला जोडा.

तेव्हा मात्र मी भ्यालो. पण सटवा आणि कावेरी दोघंही एकाच वेळी नाही म्हणाले. बिडाचं लोखंड असं कापून जोडलं जात नाही, तोल तर राहणारच नाही, आणि एक चांगलं होण्याऐवजी दोन्ही वाया जातील, असं कावेरीनं सांगितलं. सटवा एवढंच म्हणाला की ह्येलाच तयार करतो.

दुसऱ्या दिवशी तो मला मोटारसायकलवर पुढं घेऊन बीडला गेला. लेथवर माझं जळकं निळसर तोंड बारीक घासून काढलं. परत आल्यावर कावेरीनं कडेला अंगठा फिरवून पाहिला आणि सटवाला विचारलं, बरोबर आलंय का, काका? त्यानं टिचकी मारली. मी वाजलो. मग दोघांनी मिळून मला गाडीत बसवलं, नवी पूर्ण अस्तराची क्लचप्लेट माझ्या तोंडाला लावली, आणि सटवाचा पाना कावेरीनं ओढला.

आष्टीवरून आम्ही नगरला गेलो. शर्यतीत काय झालं ते खरं तेच सांगतो. निशाण पडलं तेव्हा दोन हलक्या गाड्या जागच्या जागी बंद पडल्या. आमची गाडी साऱ्यांच्या पुढं सुटली. अर्धं मैदान आम्ही पुढं होतो. मग सरळ रस्ता लागला, आणि एकेक करून लोक आम्हाला ओलांडून गेले. मी जड. माझा वेग वाढायला वेळ लागतो. रविराज तिसरा आला. अंगदराव सहावे.

परत येऊन त्यांनी कावेरीला सांगितलं की गाडी सुटली कशी, ते बघायला लोक थांबले होते. पण मला शर्यतच लढवायची आहे, ते म्हणाले, गाडी घाटात न्यायची नाही आता. कावेरीनं सटवाकडं पाहिलं. सटवा म्हणाला, "मंग नवंच लावा. शर्यतीला त्येच बरं."

हे वाक्य मला लागलं, मित्रांनो. तो माझा माणूस होता.

सहा आठवड्यांनी बरोबर पासंग आला. त्या वेळी सटवानं आधी इंजिनाचा नंबर वाचला, कावेरीनं लिहून घेतला आणि अंगदरावांना कागदावरची नोंद बदलून घ्यायला लावली. नवं फ्लायव्हील बसलं. या खेपेस आप्पा आणि कावेरी घाटापर्यंत जाऊन सुखरूप परत आले. मला सटवानं पुसलं, तेलाचा हात दिला आणि माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगानं माझ्या इंजिनाचं साल आणि नंबर लिहिला. म्हणजे पुढं कधी मला कुणी हातात घेतलं तर मी कोणत्या इंजिनाचा आहे ते त्याला कळेल.

हेवा गेला का? नाही. बीडच्या कॉलेजातली मुलं-मुली गॅरेज बघायला येतात तेव्हा कावेरी मला त्यांच्या हातात देते. हलक्या फ्लायव्हीलचा फोटोही दाखवते आणि विचारते, कोणतं चांगलं? मुलं हलकं म्हणतात. मग ती सटवाला पुढं बोलावते. तो थोडा लाजतो आणि सांगतो की गाडी कुठं जाणार, ते आधी इचारा. आप्पा खुर्चीवरून ऐकत असतात. मुलांचे डोळे त्या फोटोवरच असतात, आणि मला तेव्हाही सलतं.

माझी तुमच्याजवळ एक विनंती आहे. घरातली, दुकानातली, शाळेतली जुनी वस्तू काढून टाकण्याआधी ती कुठून आली, कशाला बसत होती, हे जाणत्या माणसाला विचारून लिहून ठेवा. जुन्या माणसाला तर रोजच विचारा. आणि तुम्हाला कुणाचा हेवा वाटला, तर त्याच्यावर पोतं टाकू नका. सटवासारखं तोंडानं बोलून टाका, मग कितीही उशीर झालेला असो.

काल निळी गाडी तेल बदलायला आली होती. जाताना अंगदरावांनी इंजिनाचा सूर चढवला, आणि तो महामार्गावर लांबपर्यंत ऐकू येत राहिला. सटवा माझ्याजवळ उभा राहून ऐकत होता. हातातल्या तेलाच्या बोळ्यानं माझी कड पुसत तो हळूच म्हणाला, "आवाज कसा वाटतोय बे?"

मला बोलता येत नाही. आलं असतं तर त्याच्याशी खोटं बोललो नसतो. आवाज फार चांगला होता.